न दुखणारी दाढ

शाळेच्या आरोग्यतपासणीत मुलाच्या दाढेस कीड लागल्याचे आढळते व तशी चिठ्ठी पालकांकडे जाते. पालक मुलास विचारतात, "दुखते का रे?" मूल "नाही" म्हणते आणि चिठ्ठी कोनाड्यात पडून राहते. मुलाचे उत्तर खरे असते. प्रश्नच अपुरा असतो.

दाताच्या बाहेरील कठीण आवरणात, म्हणजे दंतवल्कात, मज्जातंतू नसतात. गोड पदार्थांपासून तोंडातील जंतू आम्ल तयार करतात. ते हे आवरण महिनोन् महिने पोखरीत राहिले तरी मुलास त्याची जाणीव होत नाही. प्रथम खडूसारखा पांढरा डाग पडतो. या अवस्थेत फ्लोराइडयुक्त पेस्टने नित्य दात घासल्यास व गोडावर आवर घातल्यास कीड थोपविता येते. पुढे खळगा पडला म्हणजे तो आपोआप भरून येत नाही. लहान खळगा एका भेटीत बुजविता येतो. कीड आतील गरापर्यंत पोहोचली, तर रूट कॅनॉल किंवा दाढ काढणे एवढेच मार्ग बहुधा उरतात.

दुखून थांबलेली दाढ तर अधिकच फसवी. कळ थांबली की घरचे निश्चिंत होतात. परंतु पुष्कळदा आतील गर मृत झाल्यामुळेच ती थांबलेली असते, व जंतू मुळाशी पोहोचून तेथे गळू धरते. खेळताना समोरच्या दातास मार बसल्यावरही असेच घडते. दोन दिवसांत दुखणे विसरले जाते आणि काही महिन्यांनी दात काळपट दिसू लागतो. अशा अपघाताची तारीख वहीत टिपून ठेवावी व मुलास दंतवैद्याकडे पाठवावे.

पहिली-दुसरीच्या शिक्षकांनी एका दाढेकडे विशेष लक्ष द्यावे. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नसल्याने ती आल्याचे घरी कळत नाही, आणि किडली तरी "दुधाचीच आहे, पडेल" असे म्हटले जाते. ती कायमची असते. समोरच्या मध्यापासून, पडलेल्या दाताची जागाही धरून, मोजीत गेल्यास सहावी येते ती हीच.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दंतक्षयाचा समावेश आहे. पथक शाळेत येईल त्या दिवशी अशा मुलांची नावे तयार ठेवावीत. नागपुरात १९६८ पासून शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. रोजमजुरी बुडवून न दुखणाऱ्या दाढेसाठी शहरात जाणे पालकांस जड वाटते, व त्यात त्यांचा दोष नाही. म्हणून गावातील चार-पाच मुले मिळून एकाच दिवशी, एका-दोघा पालकांसोबत पाठविण्याची व्यवस्था करावी, आणि चिठ्ठीवर ठळक अक्षरांत लिहावे : "दुखत नसतानाच न्यावे."