उन्हाळी सल्ला: रसवंतीवरच्या माश्या फवारून जात नाहीत



महाशिवरात्र झाली की रसवंत्यांचे घुंगरू वाजायला लागतात. आपल्या सभासदांपैकी बरेच जण आता थोडा ऊस कारखान्याला न घालता रसवंतीसाठी राखतात, आणि काहींनी इंदापूर-टेंभुर्णी पट्ट्यात हायवेला स्वतःचीच रसवंती टाकली आहे. त्यांचे फोन बहुतेक एकाच प्रश्नासाठी येतात. "साहेब, माश्या हटत नाहीत, काय फवारू?"

काहीच फवारू नका. शेतात कीड आली की पंप पाठीवर घ्यायची आपल्याला सवय, पण इथे ती सवय उलटी पडते. फवारणीने मरते ती उडणारी माशी. तिची अंडी-अळी चिपाडात आणि गटारात तशीच राहते, आणि चार दिवसांनी दुकान पुन्हा भरतं. थोड्या माश्या बाहेरून येतात हे खरं, पण मुक्काम आणि बाळंतपण आपल्याच दुकानात होतं.

*आधी माशी ओळखा*

मोठी, करडी, ग्लासच्या काठावर बसते ती घरमाशी. ती ओल्या कुजक्या ढिगात एका वेळी शंभर-दीडशे अंडी घालते. उन्हाळ्याच्या गरमीत एका दिवसाच्या आत अळी बाहेर पडते आणि साधारण आठ-दहा दिवसांत नवी माशी तयार होते. बारीक, तांबूस डोळ्यांची, लिंबाच्या सालीभोवती घिरट्या घालते ते चिलट. त्याला आंबलेला वास लागतो. आणि केसाळ पंखांची, पतंगासारखी दिसणारी, भिंतीला चिकटून बसते ती गटारातली माशी. ती दिसली म्हणजे नालीत गाळ धरला आहे असं समजा.

एका सभासदाने आंब्याच्या बागेतला फळमाशीचा कामगंध सापळा आणून रसवंतीत टांगला होता. त्यात एकही चिलट सापडलं नाही, आणि सापडणारही नाही. मिथाइल युजेनॉलवर बागेतल्या फळमाशीचे नर येतात. दुकानातलं चिलट ही वेगळीच जात. त्यासाठी एका ग्लासात दोन बोटं व्हिनेगर घ्या, भांडी घासायच्या लिक्विडचे तीन-चार थेंब टाका आणि ग्लास काउंटरपासून लांब, नालीजवळ ठेवा. साबणामुळे चिलट पाण्यावर तरंगत नाही, बुडतं. पण हा सापळा मोजणीपुरता. रोज पाच सापडत होती आणि आज पन्नास सापडली, तर कुठेतरी काहीतरी आंबतंय.

*चिपाड*

सगळ्यात मोठं घर हेच. बहुतेक रसवंत्यांच्या मागे दोन-तीन दिवसांचं चिपाड एका ढिगात पडलेलं असतं. वरून वाळलेलं दिसतं. हात घालून बघा, आतून ओलं, गरम आणि आंबट वासाचं असतं. त्यात थोडा रस राहिलेलाच असतो, त्यामुळे अळीला खायला-राहायला एकाच जागी मिळतं.

चिपाड रोज संध्याकाळी दुकानाच्या आवारातून हललंच पाहिजे. ताजं असेल तर कुट्टी करून जनावरांना घाला. आंबट वास सुटलेलं किंवा बुरशी धरलेलं मात्र घालू नका. गुऱ्हाळवाल्याला जळणासाठी द्यायचं असेल तर उन्हात पातळ पसरून वाळवा. वाळलेल्या चिपाडात माशी वाढत नाही, तिला ओल लागते. हे काहीच जमत नसेल तर पोत्यात भरून तोंड बांधा आणि रोज घरच्या उकिरड्यावर न्या. उकिरडा दुकानामागे नको. लिंबाची सालं आणि आल्याचा चोथा झाकणाच्या डब्यात टाका. डबा रिकामा केल्यावर धुवायचाही असतो, हे जवळपास सगळेच विसरतात.

*नाली*

नालीत फिनेल ओतून उपयोग नाही. आतल्या कडेला जो बुळबुळीत थर धरतो त्याच्या आत अळी असते, फिनेल वरून वाहून जातं. तारेच्या ब्रशने तो थर खरवडून काढा, मग गरम पाणी सोडा. आठवड्यातून दोनदा पुरे. शंका असेल तर रात्री नालीच्या जाळीवर चिकटपट्टी उलटी, म्हणजे चिकट बाजू खाली करून लावा. हवेला थोडी फट ठेवा. सकाळी पट्टीला माश्या चिकटलेल्या दिसल्या तर त्या तिथूनच निघताहेत. शोषखड्डा असेल तर त्याला झाकण हवं.

*चरक*

कारखान्यात ऊस शिळा झाला की रसाला तार सुटते, हे आपल्याला माहीत आहे. ते काम ल्यूकोनोस्टॉक या जिवाणूचं. तोच जिवाणू चरकाच्या रोलरमागे, ट्रेच्या कोपऱ्यात आणि गाळणीच्या शिवणीत बसतो. सकाळच्या पहिल्या ग्लासाला आंबूस वास येतो तो बऱ्याचदा रात्री न धुतलेल्या चरकाचा असतो, आपण दोष मात्र उसाला देतो.

धुण्याआधी प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, ओल्या हाताने कोणी चालू केलं तर बोटं जातात. मग चोथा कोरडाच ब्रशने काढा, साबणाच्या पाण्याने घासा आणि स्वच्छ पाण्याने धुवा. त्यानंतर क्लोरीनचं पाणी. बाजारात मिळणारं साधं, बिनवासाचं सोडियम हायपोक्लोराइट ४ ते ५ टक्क्यांचं असेल तर १० लिटर पाण्यात ४० मिली पुरतं. दोन मिनिटं राहू द्या, पिण्याच्या पाण्याने धुवा आणि पुसून कोरडं करा, नाहीतर लोखंड गंजतं. क्रम बदलू नका. चोथ्यावर आणि रसावर क्लोरीन ओतलं तर ते तिथेच संपतं, जिवाणूपर्यंत पोचत नाही. आणि क्लोरीनमध्ये संडास साफ करायचं ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो.

दुपारी गर्दी ओसरली की एकदा साध्या पाण्याने रोलर आणि ट्रे धुवा. एकाच बादलीत दिवसभर ग्लास बुचकळणं बंद करा. त्या बादलीत संध्याकाळपर्यंत पातळ रसच तयार होतो.

*शेतातलं औषध दुकानात नको*

हे जरा कडक बोलतो. घरात उरलेलं कीटकनाशक झुरळांसाठी कोपऱ्यात मारणं, साखरेत कालवून माश्यांना ठेवणं, असं काहीही करू नका. डायक्लोरोव्हॉसच्या जुन्या बाटल्या अजून काही गोठ्यांत दिसतात. देशात त्याचा वापर २०२० अखेरपासून पूर्ण बंद आहे. रसाच्या पातेल्याशेजारी अशी बाटली असणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या, आणि आधी आपल्या लेकरांच्या, जिवाशी खेळ. झुरळांना फटीत लावायची जेल मिळते ती वापरा, पण चरकाच्या अंगाला लावू नका. माश्या मारायचा विजेचा दिवा चरकाच्या वर टांगू नका, माशीचे तुकडे उडून रसात पडतात.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे काउंटरवर जोराचा पंखा. वाऱ्यात माशीला बसता येत नाही. पातेल्याला झाकण आणि ऊस आत घालायची बाजू सोडून चरकाला जाळी, एवढं तरी कराच.

पंख्याने आणि जाळीने मधमाश्याही लांब राहतात. एप्रिल-मेमध्ये फुलोरा कमी आणि पाण्याची टंचाई, म्हणून त्या रसावर येतात. त्यांना मारू नका, डाळिंबवाल्यांना विचारा त्यांची किंमत. सांडलेला रस लगेच पुसला तर त्या फार थांबत नाहीत.

*ऊस*

मोळी जमिनीवर आडवी न टाकता स्टँडवर उभी ठेवा. उंदराने कुरतडलेला ऊस चरकात घालू नका. नुसता तेवढा तुकडा कापून चालत नाही, कारण उंदराच्या मुतातून लेप्टोचा जंतू येतो. आतून लाल पडलेला ऊसही बाजूला. पाचट शेतातच काढा, कारण पानाच्या देठाखाली पिठ्या ढेकूण असतो आणि त्याच्यामागे मुंग्या दुकानात येतात. मग ऊस तासून, धुऊन घ्या आणि घालण्याआधी एकदा नजर फिरवा. २००५ मध्ये ब्राझीलच्या सांता कातारिना राज्यात हायवेवरच्या उसाच्या रसातून चागास नावाचा रोग पसरला आणि माणसं दगावली. रोगाचा जंतू वाहणारा ढेकणासारखा किडा उसाबरोबर चरकात भरडला गेला, असं तपासात पुढे आलं. तो रोग आपल्याकडे नाही, पण चरकात जे जाईल ते गिऱ्हाइकाच्या पोटात जातं हे तिथलं आणि इथलं सारखंच.

बर्फाचं थोडक्यात. खाण्यायोग्य नसलेला बर्फ निळसर रंगाचा असावा असा नियम महाराष्ट्रात २०१८ पासून आहे. निळी लादी स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. पांढरी घेताना खाण्याच्या बर्फाची पावती मागा.

ज्यांच्याकडे माश्या जास्त आहेत त्यांनी चिपाडाची जागा, नाली आणि चिकटपट्टी यांचे फोटो ग्रुपवर टाका. माशीचा फोटो जवळून काढा, पंख दिसले पाहिजेत. कोणती आहे ते बघून सांगतो.