हातातला खेळ तापतो तेव्हा

एटीएम कार्डाएवढा रास्पबेरी पाय संगणक, छोटा पडदा, लिथियम बॅटरी आणि काही बटणे एवढ्या सामानात हातात धरून खेळण्याचा व्हिडिओ गेम घरी बनवता येतो. हौशी विद्यार्थी तो बनवतातही. पण डबी बंद करून थोडा वेळ खेळले, की खेळ अडखळू लागतो. दोष प्रोग्रॅममध्ये शोधला जातो. पुष्कळदा खरे कारण असते उष्णता.

यंत्र बॅटरीतून जी ऊर्जा घेते, तिची अखेर जवळजवळ सगळी उष्णताच होते. म्हणजे ५ वॅट वापरणारा खेळ हा ५ वॅटची छोटी शेगडीच म्हणा ना! २०१९ साली आलेल्या रास्पबेरी पाय ४ ची चिप ८० अंश सेल्सिअसच्या वर तापली, की स्वतःचा वेग कमी करते. म्हणून खेळ अडखळतो.

मग डबीला भोके पाडली की झाले? तेवढ्याने भागत नाही. उष्णतेला चिपपासून बाहेरच्या हवेपर्यंत सलग वाट हवी. चिपचा पृष्ठभाग लहान असतो. तिच्यावर ॲल्युमिनियमचा खाचाखाचांचा तुकडा, म्हणजे हीट सिंक, बसवला की हवेला टेकणारा पृष्ठभाग कितीतरी वाढतो. मात्र दोन्ही पृष्ठभाग गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यामध्ये सूक्ष्म फटी राहतात आणि त्यांत हवा असते. ॲल्युमिनियमच्या तुलनेत हवा हजारो पटींनी मंद उष्णतावाहक आहे. म्हणून मध्ये उष्णतावाहक लेप पातळसा लावायचा.

यानंतर भोकांचा विचार करू. खेळताना डबीची मागची बाजू तळव्यांनी झाकली जाते. म्हणून भोके वरच्या आणि खालच्या कडेला ठेवावीत. गरम हवा वरून बाहेर पडते, थंड हवा खालून आत येते.

सर्वांत जपायचे ते बॅटरीला. लिथियम बॅटरी साधारणपणे ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये. अती तापल्यास ती पेट घेऊ शकते. ती चिपपासून दूर, आडोसा देऊन बसवावी. फुगलेली बॅटरी वापरूच नये.

वर्गात एक प्रयोग करता येईल. हा संगणक चिपचे तापमान स्वतःच सांगतो. डबी बंद ठेवून आणि मग उघडून, दर मिनिटाला नोंद घ्या व आलेख काढा. उघडल्यावर तापमान बरेच उतरले, तर हवेची वाट अडली आहे. फारसे उतरले नाही, तर चिप आणि हीट सिंक यांचा सांधा तपासा. दुरुस्ती कुठे करायची, हे मुले आलेखावरूनच ठरवतील.