फीडोचे केस

‘प्लेटोच्या मते आत्मा अमर आहे, कारण...’ असे लिहून मी परीक्षेत चार मुद्दे मांडले. गुण बरे मिळाले. पुढे सुट्टीत ग्रंथालयातून ‘फीडो’चे इंग्रजी भाषांतर आणून, शेजारी शब्दकोश ठेवून वाचले, आणि त्या उत्तराची लाज वाटली.

इ. स. पू. ३९९ मध्ये सॉक्रेटिसने अथेन्सच्या तुरुंगात विष घेतले. त्या दिवसाची हकीकत या संवादात फीडो हा त्याचा शिष्य एखेक्रॅटिसला सांगतो. प्लेटो स्वतः त्यात एक शब्दही बोलत नाही. तो त्या दिवशी बहुधा आजारी होता, एवढाच त्याचा उल्लेख! मग ‘प्लेटोच्या मते’ हे आपण कोणाच्या जिवावर लिहितो?

सॉक्रेटिस आत्म्याच्या अमरत्वाची प्रमाणे देत असता दोघे मित्र शंका काढतात. सिमिअस म्हणतो, आत्मा हा वाद्यातील सुरांच्या मेळासारखा असेल, तर वाद्य मोडल्यावर मेळ कसा उरेल? सीबिस विणकराचा दाखला देतो. विणकर जन्मभर अनेक वस्त्रे विणून झिजवतो, पण शेवटचे वस्त्र त्याच्यामागे उरतेच. आत्माही अनेक देह झिजवून शेवटी संपत नसेल कशावरून? आमच्या घरी माग आहे. हा दाखला मला कोणाला विचारावा लागला नाही.

ऐकणारे सारे हादरतात. हकीकत ऐकणारा एखेक्रॅटिसही मध्येच म्हणतो, माझाही विश्वास डळमळला. तेव्हा सॉक्रेटिस जवळ बसलेल्या फीडोच्या केसांवरून हात फिरवतो. उद्या तू शोकाने हे केस कापशील. पण आपला युक्तिवाद मेला तर ते आजच कापायला हवेत, अशी थट्टा करतो. मग बजावतो की, चारदोन माणसांनी फसवले म्हणून कोणी माणूसघाणा होतो, तसे युक्तिवाद फसले म्हणून विचाराचाच द्वेष करू नका.

हा प्रसंग माझ्या चार मुद्द्यांत कोठेच नव्हता. त्यात प्रमाण नाही, म्हणून तो गळला. पण नुसते करुण नाट्य म्हणून वाचणाऱ्यालाही तो गवसणार नाही, असे मला वाटते. त्या दोन शंका किती बिकट आहेत हे कळल्यावाचून केसांवरून फिरणाऱ्या त्या हाताचा अर्थच लागत नाही. मरण दाराशी आलेल्या माणसाला काळजी आहे ती मित्रांनी विचार करणे सोडू नये याची.

पुढे तो दोघांनाही उत्तरे देतो. सीबिसचे उत्तर फार लांबते. तरी सिमिअस अखेरीस कबूल करतो की, मनात थोडी शंका उरलीच आहे. सॉक्रेटिस त्याला गप्प बसवत नाही. आपली पहिली गृहीतकेच पुन्हा नीट तपासा, असे सांगतो. सूर्य मावळायला तेव्हा फार अवकाश उरलेला नसतो.