धीट असणं वेगळं, निर्दय असणं वेगळं

१६०६ च्या मे महिन्यात रोममध्ये काराव्हाज्यो या चित्रकाराच्या हातून एका माणसाचा खून झाला आणि तो शहर सोडून पळाला. दोन वर्षांनी माल्टात त्याने संत जॉनच्या शिरच्छेदाचं भलंमोठं चित्र रंगवलं. संताच्या मानेतून वाहून जमिनीवर साचलेल्या रक्तातच त्याने आपली सही केली आहे. त्याची सही असलेलं हे एकमेव ज्ञात चित्र. असं काही पाहिलं की वाटतं, प्रतिभा आणि क्रौर्य यांचं खरंच काही नातं असेल?

मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर पॅट्रिक आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये सायकोपथीचे, म्हणजे बेदरकार आणि दुसऱ्याविषयी कणव नसलेल्या स्वभावाचे, तीन पदर सुटे करून दाखवले: धीटपणा, संयमाचा अभाव आणि निर्दयता. फिलिपिन्समधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये सर्जनशीलतेशी नातं जोडलं ते प्रामुख्याने यातल्या धीटपणाचं. लोक काय म्हणतील याची पर्वा नसणं, अनिश्चिततेत न डगमगणं हे नवी कल्पना मांडणाऱ्याला लागतंच. चारचौघांत वेगळं बोलताना आपल्या पोटात जो गोळा येतो, तो अशा माणसाला कमी येतो. अर्थात हा सहसंबंध आहे, कार्यकारणभाव नव्हे. आणि दुसऱ्याचं दुःख न जाणवल्याने कुणाच्या रेषेला धार येते, हे मला मुळीच पटत नाही.

म्हणून एखादा दिग्दर्शक किंवा बॉस सहकाऱ्यांना छळत असेल, तर ‘कलावंत आहे, चालायचंच’ म्हणून त्याला पाठीशी घालू नका.