विश्लेषण : मुंबईत जोडलेली मोटार ‘भारतीय’ कधी झाली?

जोडणी कशी चाले?
जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शेव्हरोले मोटारींची जोडणी सुरू केली. फोर्डही शहरात होती. सुटे भाग परदेशातून बोटीने खोक्यांत भरून येत. सांगाडा एकेका टप्प्यावर पुढे सरके आणि त्यावर आस, इंजिन, बॉडी, चाके बसवली जात. कामगार इथले असले तरी आराखडा आणि इंजिन परदेशीच असे.

मग काय बदलले?
मूळचे सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स’ स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यातही सुरुवात जोडणीनेच झाली. मात्र १९५३ मध्ये टॅरिफ आयोगाने भूमिका घेतली, की सुटे भाग टप्प्याटप्प्याने देशातच बनवणाऱ्यांनाच परवानगी मिळावी. प्रीमियरने ही वाट धरली. जनरल मोटर्स आणि फोर्डने जोडणी थांबवली.

यातून काय साधले?
फियाट ११०० चे भाग हळूहळू इथेच बनू लागले, सुट्या भागांचे उद्योग वाढले. पण आयातबंदी आणि परवाना पद्धतीमुळे स्पर्धा उरली नाही. गाडीसाठी ग्राहक वर्षानुवर्षे थांबत, त्यामुळे मॉडेल बदलण्याची निकडही नव्हती. १९६४ ची ‘११०० डी’, जिचे नाव पुढे ‘पद्मिनी’ झाले, साधारण साडेतीन दशके बनत राहिली. मोटार बांधणे देशाने पन्नाशीच्या दशकात शिकून घेतले. देशात विकसित झालेली टाटांची ‘इंडिका’ येण्यास मात्र १९९८ उजाडले.