लोणारच्या खाऱ्या तळ्याला गोड्या पाण्याची बाधा

लोणारला उल्का कशी आदळली, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. बुलढाणा जिल्ह्यातल्या या गावाची स्वतःची कथा वेगळी आहे. लोणासुर जमिनीखाली दडून बसला होता; विष्णूने पायाच्या अंगठ्याने वरचे झाकण उडवले आणि त्याला मारले. गावातले दैत्यसूदनाचे देखणे मंदिर त्याचीच आठवण सांगते. तळ्याचे पाणी हे त्या दैत्याचे रक्त आणि क्षार हे त्याचे मांस, असे जुनी माणसे मानत. हे क्षार काठावरून गोळा होत, काच आणि साबणाच्या कामी येत. 'ऐन-ए-अकबरी'तही त्याची नोंद आहे. दल्ला, खप्पल, पापडी, भुस्की अशी एकेका क्षाराला नावे होती. काठावरच्या चिखलाचा पोत बोटांनी ओळखणाऱ्या लोकांनीच ती ठेवली असणार. आज ती नावे मागे पडली आहेत आणि काठाकडे बघण्याची ती नजरही.

तळ्याचे पाणी मुळातच इतके क्षारयुक्त, सामू दहाच्या आसपास. मग तळ्यात उतरणाऱ्या गावच्या सांडपाण्याने त्याचे काय बिघडणार, असे विचारले जाते. नेमके तिथेच चुकते. हे तळे जिवंत आहे ते त्याच्या खारेपणामुळे. त्याला हिरवा रंग देणारी सूक्ष्म शेवाळे याच पाण्यात तगतात. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण क्षारप्रिय सूक्ष्मजीवांत शोधले. उन्हाने पाणी आटले, खारेपणा वाढला, ते जीव फोफावले; पाऊस पडून पाणी पातळ झाल्यावर रंग ओसरला. एका ऋतूच्या फरकाने ज्याचा रंग पालटतो, ते तळे सांडपाण्याच्या बारमाही नाल्याला कसे पुरे पडेल? इथून पाणी बाहेर जायला वाटच नाही. आत आलेले पाणी वाफ होऊन उडते आणि साबणाचे फॉस्फेट, शेतातल्या खताचे नायट्रेट तळ्यातच उरते.

'धार' नावाच्या झऱ्याचे गोडे पाणी तर शतकानुशतके उल्केच्या या विवरात येतेच की, असाही एक आक्षेप असतो. तो रास्त आहे. पण धारेचा आणि उन्हाचा हिशेब फार पूर्वीच जुळलेला आहे. वाढत्या गावाचे सांडपाणी ही त्यावरची भर आहे. धारेवर स्नानाची श्रद्धा जुनी, साबणाचा फेस मात्र अलीकडचा. श्रद्धेला धक्का न लावता तो थांबवता येतो. सांडपाण्यावर प्रक्रिया केली की प्रश्न मिटला, हेही खरे नाही. स्वच्छ केलेले पाणीसुद्धा गोडेच असते. ते विवराकडे सोडले, तर तळ्याच्या दृष्टीने घात तोच.

मातीचे आणि झाडांचेही तसेच. विवराच्या उतारावर सागासारखी कोरड्या रानातली झाडे, खाली बाभळी आणि पाण्यालगत क्षाराने पांढरी पडलेली उघडी माती, अशी इथली रचना आहे. त्या उघड्या पट्ट्यावर वेडी बाभूळ पसरत गेली. हिरवळ वाढली तर वाईट काय, असे लांबून वाटते. पण हे झाड अमेरिका खंडातून आलेले; खारी जमीनही सोसते आणि इथल्या झाडोऱ्याची जागा बळकावते. तोडले तरी बुंध्यातून पुन्हा फुटते, म्हणून एकदा तोडून फोटो काढण्यात अर्थ नाही. दरवर्षी मागे लागावे लागते.

२००० साली इथे अभयारण्य झाले, २०२० साली रामसर यादीत नाव गेले. दोन्ही गोष्टी अभिमानाच्या; पण अभयारण्याची हद्द नाल्याला अडवत नाही. काठावर आणखी एक बाग किंवा रोषणाई करण्याआधी नगरपालिकेने आणि सरकारने गावचे सगळे पाणी, प्रक्रिया केलेलेसुद्धा, विवराच्या कडेपासून उलट्या दिशेला वळवावे. आणि धारेवर जाणाऱ्या प्रत्येकाने साबण घरी ठेवून जावे.