डेटफर्डची बाग आणि आपल्या शाळा

लंडनच्या आग्नेयेला, थेम्सच्या काठी डेटफर्ड ही कष्टकऱ्यांची वस्ती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोदी, गुरांचा बाजार आणि कोंदट घरे यांची तिथे दाटी होती. मुडदूस आणि त्वचेचे विकार मुलांच्या पाचवीला पुजलेले. रॅचेल आणि मार्गारेट मॅकमिलन या बहिणींनी 1910 मध्ये इथे शाळकरी मुलांसाठी दवाखाना काढला. औषधाने मुले बरी होत, त्याच खोल्यांत परत जात आणि थोड्याच दिवसांत तेच दुखणे घेऊन पुन्हा येत. दवाखान्याबरोबर मुलांचे राहणेही बदलायला हवे, हे बहिणींनी ओळखले. 1911 मध्ये त्यांनी मुलींना उघड्या हवेत झोपता यावे म्हणून रात्रीची छावणी सुरू केली. 1914 मध्ये लहान मुलांसाठी खुली बालशाळा उभी राहिली.

मार्गारेटला हा विषय नवा नव्हता. 1894 मध्ये ती ब्रॅडफर्डच्या शाळा मंडळावर निवडून आली होती. उपाशी मुलाला शिकवणे म्हणजे त्याच्यावर अन्याय करणे, ही तिची भूमिका. शाळेत जेवण देण्याचा ब्रिटिश कायदा 1906 मध्ये झाला, त्यामागे तिच्यासारख्यांची चळवळ होती.

डेटफर्डची जागा जेमतेम एकरभर. तिच्यावर बुटक्या, एका बाजूने उघड्या पडव्या बांधल्या आणि बाकीची जमीन बागेला दिली. भाजीचे वाफे होते, झाडे होती, शिवाय पुदिना, रोझमेरी, लॅव्हेंडर अशी वासाची झुडपे होती. पाने चुरगाळून वास घ्यायला मुलांना मोकळीक होती. एका कोपऱ्यात दगडगोटे आणि मोडक्यातोडक्या वस्तूंचा ढीगही मुद्दाम ठेवलेला होता, कारण मुले तिथेच सर्वात जास्त रमत. आंघोळ, जेवण, झोप आणि शिकणे हे सारे या बागेच्या आधाराने चाले. 1917 मध्ये रॅचेल गेली. तिचे नाव दिलेली ती शाळा डेटफर्डमध्ये आजही भरते.

आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला जे काम केले, त्याचाही पाया उघड्यावरचे शिकणे हाच होता. गुरे राखणारी मुले शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यायची, ही त्यांची कुरणशाळा. खडे, पाने, बिया हीच तिथली शैक्षणिक साधने.

उघड्यावरच्या तासांचा फायदा आता मोजूनही पाहिला गेला आहे. चीनमधील ग्वांगझू शहरात बारा शाळांवर झालेला प्रयोग 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या शाळांत रोज 40 मिनिटांचा जादा तास बाहेर घेतला. तीन वर्षांत नव्याने लघुदृष्टी आलेल्यांचे प्रमाण नेहमीच्या शाळांत 39.5 टक्के होते, तर या शाळांत 30.4 टक्के.

कागदावर आपणही मागे नाही. शालेय पोषण बागेच्या मार्गदर्शक सूचना केंद्राने 2019 मध्ये काढल्या, आणि 2021 च्या पीएम पोषण योजनेतही या बागांना स्थान आहे. पण मुंबईसारख्या शहरात चार मजली शाळेला अंगण कुठले? त्याचे उत्तर श्रीपाद दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराने देऊन ठेवले आहे. पालापाचोळा, शेण, गोमूत्र आणि गूळ यांतून तयार होणारी कसदार माती क्रेटमध्ये भरली, की गच्चीवरही भाजी येते. वजन पेलण्याची खात्री आणि भक्कम कठडा मात्र आधी हवा.

मेथीचा एक क्रेट घ्या. मुलांनी 50 दाणे मोजून पेरले. चार-पाच दिवसांनी 42 कोंब वर आले, तर उगवण 84 टक्के. शेकडेवारी इथे बोटांनी मोजून कळते. आठ दाणे का उगवले नाहीत, या प्रश्नातून विज्ञानाचा तास सुरू होतो. महिन्याभरात जुडी मध्यान्ह भोजनाच्या भाजीत जाते. घरी मेथीला नाक मुरडणारे मूल स्वतः पेरलेली मेथी निदान चाखून तरी बघते.

शाळेच्या बागा बहुधा मे महिन्यात मरतात. स्पर्धेपुरती बाग फुलते, सुट्टीत पाणी घालायला कोणी नसते आणि जूनमध्ये कोरड्या कुंड्या उरतात. म्हणून पिकांचे वेळापत्रक शाळेच्या वेळापत्रकाशी जुळवावे. जूनमध्ये भेंडी, गवार. दिवाळीनंतर मेथी, पालक, मुळा. मार्चअखेर काढणी, आणि उन्हाळ्यात मातीवर पाल्याचे आच्छादन. वर्गवार पाळ्या लावाव्यात आणि जबाबदार शिक्षकाचा एखादा दुसरा कागदी भार कमी करावा. नाहीतर बाग म्हणजे त्याच्या डोक्यावर आणखी एक ओझे.

ज्या मुलाच्या घराला खिडकीसुद्धा नाही, त्याला झाड, माती आणि ऊन देणारी जागा बहुतेक वेळा शाळा हीच असते. त्यामुळे बाग हा शाळेचा दागिना नाही, तो एक वर्ग आहे. तुम्ही शाळा व्यवस्थापन समितीत असाल, तर पुढच्या बैठकीत बागेसाठी आठवड्याची एक तासिका वेळापत्रकात मागून घ्या. पैसे नंतरही जमतील, तासिका आधी मिळायला हवी.